ट्रॉम्सो ते लाँगयरब्येन : अंतर 960 किलोमीटर, पण प्रवासाला वेळ किती धरायचा?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी ओस्लोजवळ राहते. जुलैमध्ये सांगलीहून आई-बाबा येणार आहेत आणि त्यांना नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या स्वालबार्ड बेटांवर न्यायचं ठरतंय. आधी उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला राहू, तिथून विमानाने स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगयरब्येन, आणि तसंच परत.

अंतर आणि वेळ दाखवणाऱ्या वेगवेगळ्या साइट्स बघितल्या. एक म्हणते 958 किलोमीटर, दुसरी म्हणते 961. उड्डाणाचा वेळ एकीकडे सव्वा तासाच्या आत, तिकिटावर मात्र एक तास चाळीस मिनिटं. एवढ्याशा अंतराला पंचवीस मिनिटांची तफावत का?

बाबा भूमिअभिलेख खात्यातून निवृत्त झाले आहेत. मोजणी म्हटली की त्यांना राहवत नाही. त्यांनी घरातल्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी लावून पाहिली आणि फोनवर म्हणाले, "हे अंतर मुंबई-दिल्लीच्या जवळजवळ तिप्पट भरतंय, तू म्हणतेस ते तर मुंबई-दिल्लीहूनही कमी आहे. असं कसं?" मला त्यांना नीट उत्तर द्यायचं आहे.

तिसरा प्रश्न जास्त व्यवहाराचा. परतीला ट्रॉम्सोत उतरल्यावर दोन तासांनी ओस्लोचं वेगळ्या तिकिटावरचं विमान आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई-बाबांचं मुंबईचं. हे जमेल ना?

वर्तुळपाद

बाबांचा प्रश्न फार आवडला, म्हणून आधी तोच घेतो.

त्यांची पट्टी बरोबर आहे. भिंतीवरचा नकाशा बहुधा मर्केटर पद्धतीचा असणार. या नकाशात सगळे रेखांश एकमेकांना समांतर काढतात. खऱ्या पृथ्वीवर ते ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात. मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाच्या एका अंशाची रुंदी साधारण 105 किलोमीटर असते, लाँगयरब्येनला ती जेमतेम 23 किलोमीटर उरते. नकाशात मात्र दोन्ही सारख्याच रुंद. म्हणजे तिथली जमीन आडवी जवळजवळ पाचपट ताणली गेली. मग आकार बिघडू नयेत म्हणून उभंही तेवढंच ताणावं लागतं. ट्रॉम्सोपाशी हा ताण सुमारे 2.9 पट आहे, लाँगयरब्येनपाशी 4.9 पट आणि मुंबईत जवळजवळ नाहीच.

आकडे मांडून बघितले. मर्केटर नकाशावर ट्रॉम्सो-लाँगयरब्येनची रेघ मुंबई-दिल्लीच्या रेघेच्या सुमारे 2.8 पट लांब येते. प्रत्यक्षात मुंबई-दिल्ली हवाई अंतर साधारण 1,140 किलोमीटर आणि हे 960. बाबांनी "जवळजवळ तिप्पट" म्हटलं, म्हणजे मोजणी अगदी चोख केली आहे. त्यांना शक्य असेल तर पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजायला सांगा.

आता 958 आणि 961. ट्रॉम्सोचा विमानतळ 69.68 उत्तर, 18.92 पूर्व. स्वालबार्डचा 78.25 उत्तर, 15.47 पूर्व. पृथ्वी 6,371 किलोमीटर त्रिज्येचा शुद्ध गोल धरून बृहद्‌वृत्तावरचं (गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेचं) अंतर काढलं की 958 च्या आसपास येतं. पण पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, त्यामुळे अक्षांशाचा एक अंश विषुववृत्तापाशी 110.6 किलोमीटर आणि ध्रुवापाशी 111.7 किलोमीटर भरतो. इथला प्रवास जवळजवळ सरळ उत्तरेकडे, साडेआठ अंशांचा. हा फरक जमेस धरला की 961 होतात. दोन्ही साइट्स बरोबर आहेत, एकीने गोल धरला आणि दुसरीने चपटेपणाही धरला.

पंखपसारा

वेळेचं मी सांगतो. विमानं हा माझ्या आवडीचा विषय, पोटापाण्याचाही.

सव्वा तासाच्या आतलं उत्तर देणाऱ्या साइट्स अंतराला वेगाने भागून मोकळ्या होतात. 960 भागिले ताशी 830, उत्तर 70 मिनिटांच्या आत. पण विमान पहिल्या क्षणापासून 830 ने जात नाही. पूर्ण उंची गाठायला वीसेक मिनिटं लागतात आणि तेवढ्यात दोन-सव्वादोनशे किलोमीटर सरतात. उतरायची सुरुवात मुक्कामाच्या जवळजवळ दोनशे किलोमीटर आधीच होते. त्यात शेवटचा टप्पा सावकाश, धावपट्टीशी जुळवून घेत. असे दोन्हीकडचे तुकडे काढले की पूर्ण वेगाने जायला मधले फक्त पाचशे किलोमीटर उरतात, साधारण 36 मिनिटं. सगळं मिळून हवेत सुमारे एक तास पंचवीस मिनिटं. तिकिटावरचा वेळ मात्र दार लागल्यापासून दार उघडेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं आणि उतरल्यावर थांब्यापर्यंत येणं हेही धरा. झाली एक तास चाळीस मिनिटं.

म्हणून कमी अंतराच्या प्रवासात भागाकार जास्त फसवतो. मुंबई-लंडनला चढण्या-उतरण्याची ही मिनिटं आठ-नऊ तासांत मिसळून जातात. इथे ती निम्म्याहून जास्त वेळ खातात.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला मला जरा निवांतपणा लागेल. रात्री लिहितो. तोवर ते ओस्लोचं तिकीट काढू नका.

शेवंती_वऱ्हाड

जाताना आणि येताना वेळ सारखाच दाखवताहेत. मुंबई-लंडनला तर येताना बराच कमी लागतो. इथे वाऱ्याचा फरक नाही का पडत?

पंखपसारा

पडतो, पण थोडा. उंचावरचे जोरदार वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी. ट्रॉम्सो-लाँगयरब्येन हा दक्षिणोत्तर मार्ग आहे, त्यामुळे तेच वारे बाजूने लागतात. एखाद्या दिवशी मोठं वादळी क्षेत्र आलं तर गोष्ट वेगळी.

घड्याळही बदलावं लागत नाही. स्वालबार्डला मुख्य नॉर्वेचीच वेळ आहे, उन्हाळ्यात भारतापेक्षा साडेतीन तास मागे.

आडवाटेचा

अंतर-वेळ राहू द्या बाजूला, रानजाई. आई-बाबांचा व्हिसा काढला का? काढला नसेल तर हे आधी वाचा.

स्वालबार्ड नॉर्वेचं आहे, पण शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. ट्रॉम्सोहून लाँगयरब्येनला निघालात की कागदोपत्री तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडता आणि परत ट्रॉम्सोत उतरलात की पुन्हा आत येता. स्वालबार्डला जायला स्वतंत्र व्हिसा लागत नाही. पण सिंगल एंट्रीचा शेंगेन व्हिसा असेल तर आई-बाबांची ती एकमेव एंट्री मुंबईहून येतानाच वापरली जाईल. स्वालबार्डहून परतताना त्यांना पुन्हा आत यायचा हक्कच उरणार नाही. म्हणून डबल किंवा मल्टिपल एंट्रीच मागायची, आणि अर्जासोबत स्वालबार्डचा कार्यक्रम जोडून तसं स्पष्ट लिहायचं.

तुमच्याकडे नॉर्वेचं निवासपत्र असेल, तुम्हाला ही अडचण नाही. तरी पासपोर्ट आणि ते कार्ड दोन्ही जवळ हवं. देशांतर्गत विमान समजून बरेच जण पासपोर्ट घरी ठेवून निघतात.

वेळेचा हिशोबही यातच आला. पारपत्र तपासणी मुख्य भूमीवर होते. ओस्लोहून ट्रॉम्सोमार्गे जाणाऱ्या विमानात लोकांना ट्रॉम्सोला उतरवून तपासणी करून पुन्हा त्याच विमानात बसवतात. परत येतानाही तपासणी असते. देशातल्या देशात प्रवास म्हणून अर्ध्या तासात सुटका होईल असं धरू नका.

रानजाई

आडवाटेचा, तुमचे आभार कसे मानू! व्हिसाचा अर्ज पुढच्या आठवड्यात करायचा आहे, फॉर्मवर एंट्रीचा रकाना अजून भरलेला नाही. आज रात्रीच आईला फोन करून सांगते.

वर्तुळपाद, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते शाळेतला गोल माळ्यावरून काढणार आहेत. त्यांनी आणखी एक विचारलंय : सांगली सोडून मुंबईच धरली, तर तिथून लाँगयरब्येन सरळ किती?

वर्तुळपाद

मुंबईपासून बृहद्‌वृत्तावर साधारण 7,200 किलोमीटर. प्रत्यक्षात आखातात किंवा युरोपात विमान बदलून, मग ओस्लो, मग उत्तर, असा वळसा पडतो, त्यामुळे बराच जास्त प्रवास होईल.

आणि लाँगयरब्येनपासून उत्तर ध्रुव फक्त 1,300 किलोमीटरच्या आसपास. बाबांना सांगा, मुंबईहून दिल्लीला जाण्यापेक्षा थोडं पुढे, बस.

मुरगावकर

हा धागा बघून राहवलं नाही. माझा धाकटा भाऊ गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या कामावर स्वालबार्डला जाऊन आलाय. वास्कोजवळ हेडलँड सड्यावर ही संस्था आहे, समुद्राला लागून. तिचं आर्क्टिकमधलं संशोधन केंद्र म्हणजे स्वालबार्डमधल्याच नी-ऑलेसुंड या छोट्या गावातलं 'हिमाद्री', 1 जुलै 2008 ला सुरू झालं. डिसेंबर 2023 पासून हिवाळ्यातल्या काळोखातही तिथे आपली माणसं राहून काम करू लागली.

तुम्ही ट्रॉम्सो-लाँगयरब्येनचं विचारताय. भावाच्या प्रवासात त्याच्यापुढे अजून एक तुकडा होता, लाँगयरब्येन ते नी-ऑलेसुंड. रस्ता नाही. स्वालबार्डच्या कुठल्याच दोन गावांमध्ये रस्ता नाही. सरळ अंतर सुमारे 110 किलोमीटर, छोट्या दोन इंजिनांच्या डॉर्नियर 228 विमानाने साधारण 25 मिनिटं. पंखपसारांनी सांगितलेलं गणित इथे आणखी ठळक होतं : चढलं म्हणेपर्यंत उतरायची वेळ. डॉर्नियर 228 आपल्याकडे कानपूरला एचएएलमध्येही (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) बनतं, भावाला त्याचं फार अप्रूप.

पण 25 मिनिटांच्या या प्रवासासाठी त्याला लाँगयरब्येनमध्ये थांबून राहावं लागलं होतं. ढग खाली आले आणि उड्डाण पुढे गेलं. हे विमान मोजक्याच दिवशी जातं, हवा बिघडली की वाट बघण्याशिवाय इलाज नाही. तिथली जुनी माणसं वेळापत्रकाला "अंदाज" म्हणतात, असं तो सांगत होता, आणि त्यांच्या बोलण्यात तक्रार अजिबात नसते. बरोबर नेलेली उपकरणं, नमुने ठेवायचे डबे, सगळ्याचं वजन आधी कळवावं लागतं. छोट्या विमानात प्रत्येक किलोचा हिशोब.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर : दोन तास पुरणार नाहीत. पंखपसारा कारण सांगतीलच.

पंखपसारा

निवांत झालो. लिहितो.

रानजाई, या मार्गाचं खरं वैशिष्ट्य 960 किलोमीटरमध्ये नाही. ते आहे त्या 960 किलोमीटरच्या पलीकडे काय आहे यात, आणि पलीकडे काहीही नाही. मुंबईला उतरता आलं नाही तर अहमदाबाद आहे, हैदराबाद आहे, गोवा आहे. लाँगयरब्येनला धुकं असेल तर जवळपास दुसरी मोठी धावपट्टीच नाही. नी-ऑलेसुंडची पट्टी छोट्या विमानांपुरती. वाटेत ब्यॉर्नॉया म्हणून बेट लागतं, जवळजवळ मध्यावर, पण तिथे हवामान केंद्र आहे, जेट विमानांचा विमानतळ नाही. म्हणजे पर्याय एकच, मागे फिरून मुख्य भूमीवर यायचं.

म्हणून निघतानाच विमानात जाण्याचं, उतरता आलं नाही तर परत मुख्य भूमीपर्यंत येण्याचं, आणि वर नियमाने राखून ठेवायचं, एवढं इंधन असतं. 960 किलोमीटरचं तिकीट, पण तयारी दुपटीहून जास्त अंतराची. लाँगयरब्येनवर पोहोचून, धुक्यातून धावपट्टी दिसेना म्हणून वैमानिक विमान वर उचलतो आणि दीड तासाने प्रवासी पुन्हा ट्रॉम्सोतच उतरतात. असं घडतं. वैमानिकाने योग्य निर्णय घेतला म्हणूनच घडतं.

उन्हाळ्यात तिथे उजेड चोवीस तास असतो, 20 एप्रिलच्या सुमारापासून ते ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही. लोकांना वाटतं मग हवाही चांगलीच असणार. पण थंड समुद्रावर तुलनेने उबदार, ओलसर हवा आली की धुकं धरतं आणि ते जुलैत चांगलंच धरतं. हिवाळ्यात त्रास वेगळा : वारा, बर्फ, काळोख. विमानतळाच्या आजूबाजूला डोंगर आहेत. 29 ऑगस्ट 1996 ला मॉस्कोहून येणारं तुपोलेव 154 विमान उतरताना मार्गावरून सरकलं आणि ऑपेराफ्येलेट डोंगरावर आदळलं. आतली सगळी 141 माणसं गेली. बहुतेक जण स्वालबार्डवरच्या बारेन्ट्सबुर्ग आणि पिरामिडेन या रशियन वस्त्यांच्या खाणींत काम करणारे आणि त्यांचे कुटुंबीय होते. हे कुणाला घाबरवायला लिहीत नाही. पण त्या डोंगरांमध्ये अंदाजाने उतरायचं नसतं आणि विमान मागे फिरलं तर रागवायचं नसतं, हे प्रवाशालाही माहीत असलेलं बरं.

तुमच्या बाबतीत सल्ला : परतीचं ट्रॉम्सो-ओस्लो दोन तासांच्या फरकाने, तेही वेगळ्या तिकिटावर, नकोच. लाँगयरब्येन ते ओस्लो एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढची सोय करणं कंपनीकडे राहतं. लाँगयरब्येनहून ओस्लोला थेट विमानंही आहेत, सुमारे 2,000 किलोमीटर, साधारण तीन तास. आणि आई-बाबांचं मुंबईचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी अजिबात ठेवू नका. मध्ये दोन पूर्ण दिवस मोकळे सोडा.

आडवाटेचा

दोन दिवस जास्त होतात असं माझं मत. या मार्गावरची बहुतेक उड्डाणं जातात आणि येतात. ओस्लोत हॉटेल घेऊन राहणाऱ्याला दोन दिवसांचा खर्च जड जाईल. एक दिवस पुरेसा आहे.

पंखपसारा

बहुतेक जातात, हे मान्य. पण जुलैत विमानं भरलेली असतात. एक उड्डाण रद्द झालं की त्यातल्या दीडशे माणसांना पुढच्या विमानांतल्या दोन-चार रिकाम्या जागांत बसवायचं असतं. रोज तासाला विमान असलेला हा मार्ग नाही. रानजाईचं घर ओस्लोजवळच आहे, म्हणजे हॉटेलचा खर्च नाही. तिथे ते दोन दिवस आई-बाबा घरीच राहतील. वयस्कर माणसांसाठी मी दोनावरच ठाम आहे.

मुरगावकर

पंखपसारांना अनुमोदन.

जुनी_पानं

या विमानतळाचा इतिहासही थोडा सांगावासा वाटतो, कारण आजचे एक तास चाळीस मिनिटं किती मोठी गोष्ट आहे ते त्याशिवाय लक्षात येत नाही.

विमानतळ 1975 साली सुरू झाला. त्याआधी समुद्र गोठला की लाँगयरब्येनला जहाज येत नसे. शरदात शेवटचं जहाज गेलं की वसंत संपत येईपर्यंत गाव बंद. खाणीतली माणसं, त्यांची बायकामुलं, सगळी तिथेच. टपाल विमानातून खाली टाकत. पन्नासच्या दशकाअखेरपासून अ‍ॅडव्हेंटडालेन दरीतल्या गोठलेल्या जमिनीवर कधीमधी विमान उतरवू लागले, तेही जमीन कडक असेल तोवरच. कुणी गंभीर आजारी पडलं तर काय, हा प्रश्न दर हिवाळ्यात असायचा.

विमानतळ व्हायला उशीर लागला त्यामागे राजकारणही होतं. 9 फेब्रुवारी 1920 च्या पॅरिस करारानुसार स्वालबार्डवर नॉर्वेचं सार्वभौमत्व, पण करारातल्या देशांच्या नागरिकांना तिथे समान हक्क आणि युद्धाच्या कामासाठी बेटांचा वापर करायला मनाई. सोव्हिएत संघाच्या तिथे खाणी होत्या. धावपट्टी लष्करी कामाला वापरली जाईल अशी त्यांना शंका. बोलणी होऊन मग मार्ग निघाला. त्या करारावर ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताचंही नाव आहे. आई-बाबांना तिथे जायला वेगळा व्हिसा लागत नाही तो मात्र त्यामुळे नव्हे, तो कुठल्याच देशाच्या माणसाला लागत नाही.

धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर बांधली आहे. वरचा थर उन्हाळ्यात वितळतो, पुन्हा गोठतो, आणि पट्टी जागोजागी खचते किंवा उचलली जाते. त्यामुळे डागडुजी सतत चालते. आर्क्टिक तापत चाललाय तसं हे काम वाढतंय. आपण जिथे उतरणार त्या जमिनीखाली हे चाललेलं असतं.

शेवंती_वऱ्हाड

अप्रतिम माहिती. टपाल वरून टाकत हे वाचून तिथल्या बायकांचा विचार करत बसले. सहा महिने माहेरची खबर फक्त तेवढीच.

रानजाई

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, बाबांनाही पाठवले. ठरलं ते असं : जाताना ट्रॉम्सोला राहून पुढे, परतीला लाँगयरब्येन-ओस्लो थेट, एकाच तिकिटावर. मुंबईचं विमान त्यानंतर दोन दिवस सोडून. व्हिसा मल्टिपल एंट्रीचा मागणार. आईला गुडघ्याचा त्रास आहे, ट्रॉम्सोतल्या तपासणीच्या रांगेसाठी आधीच व्हीलचेअर सांगून ठेवते.

मुरगावकर, एक विचारू? बाबांना आता 'हिमाद्री' बघायची फार इच्छा झालीय. त्या छोट्या विमानाने आम्हाला जाता येईल का?

मुरगावकर

विमानाने नाही जमणार. ते विमान तिथे काम करणाऱ्यांसाठी असतं, गाव चालवणाऱ्या कंपनीच्या परवानगीशिवाय जागा मिळत नाही. पण उन्हाळ्यात लाँगयरब्येनहून नी-ऑलेसुंडला पर्यटकांच्या बोटी जातात. त्यात दिवस जातो आणि समुद्र खवळलेला असेल तर आईंना त्रास होईल, हे बघून ठरवा.

गेलात तर फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ गाव यायच्या आधीच बंद करा, सरळ एअरप्लेन मोडवर टाका. तिथे दूरच्या अवकाशातले अतिशय क्षीण रेडिओ संदेश टिपणाऱ्या अँटेना आहेत, त्यातून पृथ्वीची हालचाल मिलिमीटरपर्यंत मोजतात. बाबांना या मोजणीबद्दल ऐकायला नक्की आवडेल. गावात एका इमारतीच्या दाराशी दोन दगडी सिंह दिसतील, ते केंद्र चीनचं. आपली 'हिमाद्री' आत जाऊन बघता येईलच असं नाही, आत माणसं काम करत असतात. बाहेरून मात्र खुशाल बघा, फोटो काढा. गावाच्या कडेला लोखंडी मनोरा उभा आहे, 1926 साली नॉर्वेचा ध्रुवसंशोधक आमुंडसेन याचं 'नॉर्गे' हे वायूने भरलेलं हवाई जहाज त्याला बांधलं होतं. तिथून निघून ते ध्रुवावरून थेट अलास्काला गेलं. मनोऱ्यापर्यंत एकटं चालत जायचं नाही, गावाची हद्द संपली की ध्रुवीय अस्वलांपासून बचावासाठी बंदूक असलेला वाटाड्या बरोबर लागतो.

बोटीचं आरक्षण विमानाच्या तिकिटांनंतर लगेच करा. जुलैत जागा लवकर भरतात.